कूलिंग प्लेट टिगने बंद केल्यावर वाकते: क्लॅम्पच्या आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मोटर कंट्रोलर थंड ठेवण्यासाठी पाणी-ग्लायकॉलवर चालणारी प्लेट आहे, ४०० × २०० मिमी, ६०६१-टी६ ॲल्युमिनियम (उष्णता देऊन कडक केलेला मिश्रधातू). १२ मिमीच्या तळात ७ मिमी खोल नागमोडी खाच, वर ३ मिमीचं झाकण ठेवून चारही कडांना टिगने (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि आर्गॉनचं वेल्डिंग) फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला जोड. वेल्डिंगनंतर कोपरे झाकणाच्या बाजूला ०.६ मिमीपर्यंत उचलले जातात. मॉड्यूल (कंट्रोलरचे तापणारे भाग) तळाच्या बाहेरच्या बाजूला बसणार आणि ड्रॉइंगवर सपाटपणा ०.१ मिमी मागितलाय. सर्किटमधलं प्रेशर ३ बार. पहिला लॉट २५ नगांचा, पुढे महिन्याला शंभरेक. वेल्डरला करंट कमी करायला सांगितला तर वाक उलट वाढला, आणि आता तुम्ही विचारताय की क्लॅम्प कसा करावा.

क्लॅम्पबद्दल सांगतोच, पण ते या यादीत बरंच खाली येतं. भोसरीत आमच्याकडे असे जॉब वारंवार येतात आणि बहुतेक वेळा दोष वेल्डरच्या हातावर ढकललेला असतो. तुमच्या वर्णनावरून मला त्याआधीच्या दोन गोष्टी खटकतात: झाकण कुठे बसवलंय, आणि तळ शेवटच्या मापाला आणून मग वेल्ड करताय का. तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही, पण ती वाकापेक्षा गंभीर आहे. तिथूनच सुरू करतो.

३ बार म्हणजे ०.३ न्यूटन प्रति चौरस मिमी. झाकणाखालचा ओला भाग ३६० × १६० धरला तर झाकणावर वर ढकलणारं बल सतरा हजार न्यूटनच्या पुढे जातं, म्हणजे पावणेदोन टन. आणि तुमचं झाकण फक्त चारही कडांना धरलेलं आहे, मधल्या रिब्जना (खाचेच्या वळणांमधल्या भिंतींना) ते चिकटलेलंच नाही. ३ मिमी पत्र्याचा साधा हिशेब लावला तर मध्यभागी दोन-तीन मिलिमीटर फुगवटा निघतो. प्रत्यक्षात पत्रा ताणला जाऊन तो थोडा कमी भरेल, पण मिलिमीटरच्याच घरात राहील. बाहेरून फार काही दिसणार नाही. आत मात्र झाकण रिब्जवरून उचललं की पाणी नागमोडी वाटेने जायचं सोडून रिब्जवरून थेट इनलेटकडून आउटलेटकडे जातं. फ्लो मीटर बरोबर दाखवतो, प्रेशर ड्रॉप अपेक्षेपेक्षा कमी येतो (सगळे खूश होतात), आणि मधलं मॉड्यूल तापतं.

वेल्डिंगमुळेही हेच होतं, प्रेशर द्यायच्या आधी. चारही कडांचा बीड (वेल्डची रेघ) आकसतो आणि मधल्या पत्र्याला आत दाबतो. पत्र्याला जायला जागा नसते, म्हणून तो वर किंवा खाली फुगतो. आत्ता वेल्ड केलेल्या एखाद्या नगाच्या झाकणावर मधोमध अंगठा दाबून बघा. रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा टक्-टक् वाजला तर ते झाकण रिब्जवर टेकलेलं नाही. फुगवटा जाडीच्या घनाच्या उलट प्रमाणात कमी होतो, म्हणजे ३ ऐवजी ६ मिमी झाकण घेतलं तर तो आठपट कमी. तेव्हा झाकण जाड करणं किंवा ते रिब्जना जोडणं, यातलं एक तुम्हाला करावंच लागेल, आणि त्यावरच पुढे कुठली पद्धत वापरायची ते ठरतं.

आता वाकाकडे. झाकण पातळ आहे आणि वेल्ड होईपर्यंत तळाशी त्याचा संपर्क जेमतेमच असतो, त्यामुळे ते तळापेक्षा पुष्कळ जास्त तापतं. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३.६ मायक्रॉन वाढतं, म्हणजे लोखंडाच्या जवळपास दुप्पट. झाकण तळापेक्षा ६० अंश जास्त गरम असताना तुम्ही ते जखडलंत तर त्या क्षणी ते ४०० मिमी लांबीत अर्ध्या मिमीहून जास्त वाढलेलं असतं. थंड झाल्यावर त्याला परत आखूड व्हायचं असतं, तळाला व्हायचं नसतं. त्यात बीडच्या धातूचं स्वतःचं आकसणं भर घालतं. ही सगळी ओढ प्लेटच्या जाडीच्या मध्यापासून ६-७ मिमी वर, एकाच बाजूला आहे. म्हणून कोपरे झाकणाकडे उचलले जातात आणि तळाचा मधला भाग मॉड्यूलच्या दिशेने पुढे येतो. अशा पृष्ठावर मॉड्यूल ठेवून कोपऱ्यांचे स्क्रू आवळले की आतल्या सिरॅमिकला वाक बसतो. मॉड्यूल आणि प्लेटच्या मध्ये उष्णता नेणारी पेस्ट लावतात; सपाटपणाचा आग्रह तिच्याइतकाच यासाठीही असतो.

पेस्टचा हिशेबही करून टाकू, कारण ग्राहकाशी बोलताना तो उपयोगी पडतो. ३ वॅट प्रति मीटर-केल्विनची पेस्ट ५० मायक्रॉन जाड असेल आणि उष्णता चौरस सेंमीला १० वॅट असेल तर पेस्टमध्ये दीडेक अंश जातात. तीच फट ३०० मायक्रॉन झाली की दहा अंश. मॉड्यूल बनवणारे बसवायच्या जागी साधारण दर १०० मिमीला ५० मायक्रॉन सपाटपणा मागतात. म्हणून ग्राहकाला विचारा की ०.१ हे माप पूर्ण ४०० मिमीवर हवंय की प्रत्येक मॉड्यूलच्या ठशापुरतं, म्हणजे ते टेकतं तेवढ्या जागेपुरतं. बऱ्याचदा ठशापुरतंच हवं असतं आणि ड्रॉइंगवर कुणीतरी सरसकट टाकून दिलेलं असतं. ठशापुरतं असेल तर तळावर मॉड्यूलच्या जागी अर्धा मिमी उंच पॅड ठेवा आणि शेवटी फक्त पॅड कापा. अर्धी लढाई तिथेच संपते.

पुढचा नग बनवताना एक काम करा: प्रत्येक टप्प्यानंतर सपाटपणा मोजून लिहून ठेवा. कच्चा तुकडा कापल्यावर, खाच मारल्यावर, टॅक (जागेवर धरणारे छोटे वेल्डचे ठिपके) केल्यावर, वेल्ड थंड झाल्यावर. सरफेस प्लेटवर तीन बिंदूंवर टेकवून वर डायल फिरवायचा, कुठेही क्लॅम्प न लावता. हे अशासाठी की ०.६ पैकी काही भाग वेल्डिंगच्या आधीच आलेला असण्याची दाट शक्यता आहे. प्लेटच्या एकाच बाजूने अर्ध्याहून जास्त खोलीची खाच काढली की रोलिंग आणि क्वेंचिंगमधून (तापवून एकदम गार करण्यातून) आत अडकलेला ताण एका बाजूने सुटतो आणि प्लेट वाकते. व्हाइसमधून सोडेपर्यंत ते कळत नाही. मग वेल्डरकडे आधीच वाकलेला जॉब जातो, तो क्लॅम्पने सरळ करून वेल्ड करतो आणि क्लॅम्प सोडल्यावर सगळ्याचं खापर त्याच्यावर फुटतं.

माल घेताना टी६ आणि टी६५१ यांत फरक करा. टी६५१ ही प्लेट क्वेंचिंगनंतर दीड ते तीन टक्के ताणून आतला ताण बराच काढलेली असते. बाजारात ‘६०६१ आहे साहेब, टी६’ म्हणून मिळतो तो कधी एक्स्ट्रुजनचा पट्टा असतो, कधी फक्त हीट ट्रीट केलेली प्लेट. किलोमागे थोडे जास्त गेले तरी सर्टिफिकेटवर टी६५१ बघूनच घ्या. शिवाय खाच एका दमात काढू नका. आधी दोन्ही बाजू थोड्या थोड्या कापा, खाच अर्धा-एक मिमी राखून रफ करा, जॉब मोकळा सोडा, पलटून टेकवा आणि मग फिनिश करा.

जोडाच्या रचनेत मी तुमच्या जागी काय बदललं असतं ते सांगतो. झाकण वर ठेवून कडेला फिलेट मारणं हा सगळ्यात जास्त उष्णता खाणारा जोड आहे. खालचा १२ मिमीचा तळ उष्णता ओढून घेतो, वरची ३ मिमीची कड आधीच वितळून मागे सरते, आणि तळही वितळून जुळावा म्हणून वेल्डर तिथे थांबून राहतो. त्याऐवजी तळ १६ मिमीचा घ्या. त्यात झाकणासाठी ३ मिमीची पायरी, खाली ७ मिमी खाच, त्याखाली ५ मिमी फ्लोअर, आणि शेवटच्या कटसाठी १ मिमी राखीव. झाकण पायरीत समतल बसेल. मग पायरीच्या बाहेर, जोडापासून दोन-अडीच मिमीवर, तळावर चहूबाजूंनी ३ मिमी रुंद आणि तितकीच खोल घळ मारा. आता जोडाच्या दोन्ही बाजूंना पातळ ओठ आहेत. दोन्ही सारख्या वेगाने वितळतात आणि उष्णता तळात पळून जायला वाट अरुंद होते. घळीमुळे बाजूची ताकद थोडी कमी होते, म्हणून बाहेर आठ-दहा मिमीची कड शिल्लक ठेवा. ही कड पुढे मशिनिंगला टेकवायलाही लागणार आहे.

दुसरा पर्याय: प्लेट जाडीच्या मधोमध दोन सारख्या भागांत करा, खाच अर्धी-अर्धी दोघांत, आणि वेल्ड बाजूच्या उभ्या कडेवर घ्या. बीड जाडीच्या मध्यावरच आल्यामुळे तो आकसला तरी प्लेट थोडी लहान होते, वाकत जवळपास नाही. दोन्ही भाग जाड असल्याने फुगवट्याचाही प्रश्न हलका होतो. मशिनिंग वाढतं आणि दोन्ही खाचा एकमेकींवर नेमक्या बसवाव्या लागतात, त्यासाठी डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) घाला. थोड्या नगांसाठी टिगच वापरायचं असेल तर मला ही रचना आवडते.

आता करंट. कमी करंट म्हणजे कमी उष्णता, हा समज शॉपमध्ये फार पक्का बसलाय. जॉबमध्ये जाणारी उष्णता बीडच्या लांबीमागे मोजायची असते: व्होल्ट गुणिले अँपिअर, भागिले वेग. १८० अँपिअर, १५ व्होल्ट आणि मिनिटाला १५० मिमी वेग असेल तर मिलिमीटरमागे १,०८० जूल होतात. करंट १२० वर आणला, व्होल्ट १४ धरले, पण वितळलेल्या धातूचं डबकं तयार होईना म्हणून वेल्डर मिनिटाला ६० मिमीवर आला, तर १,६८० जूल होतात. दीडपटीहून जास्त! तुमच्याकडे वाक वाढला तो बहुधा यामुळेच. ॲल्युमिनियम उष्णता फार लवकर पसरवतं, त्यामुळे हळू गेलात की बीड बनायच्या आधी अख्खी प्लेट तापते. करंट चढवा, आर्क आखूड ठेवा, पुढे पळा. मशीनला एसी फ्रिक्वेन्सी बदलायची सोय असेल तर १००-१५० हर्ट्झवर आर्क निमुळता होतो आणि ओठांवर नेमका बसतो. आर्गॉनमध्ये हीलियम मिसळलं तर वेग आणखी वाढतो, पण आपल्याकडे हीलियमचा भाव बघता मी ते जाड जॉबसाठीच राखतो.

फिलर रॉडबद्दल (जोडात वितळवून भरायची सळई) एक सूचना, कारण हा घोटाळा नंतर बाहेर येतो. बरेच वेल्डर ५३५६ वापरतात कारण ती हातात सोपी जाते आणि बीड मजबूत येतो. पण तिच्यात मॅग्नेशियम जास्त असतं आणि ६५ अंशांच्या वर सतत चालणाऱ्या जॉबमध्ये ती कालांतराने ताण-गंजाने तडकू शकते. कंट्रोलरचं कूलंट ६५ पर्यंत सहज जातं. ४०४३ घ्या. आकसताना तडा जाण्याचा धोकाही तिच्यात कमी. ॲनोडायझिंग केलंत तर तिचा बीड काळपट दिसेल, हे ग्राहकाला आधीच सांगा.

वेल्डिंगचा क्रम. पुस्तकात अशा वेळी छोटे छोटे उलटे तुकडे मारायला सांगतात, म्हणजे पन्नास-साठ मिमी मागून पुढे, मग त्याच्या मागचा. वाक कमी करायला ते बरोबरच आहे. पण हा जॉब पाणी धरणारा आहे, आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट ही गळतीची संभाव्य जागा असते. म्हणून मी इथे पुस्तक सोडतो. चाळीस-पन्नास मिमीवर समोरासमोर टॅक, मग चार बाजूंचे चारच बीड: एक लांब बाजू, तिच्या समोरची लांब बाजू, मग दोन्ही आखूड. सुरुवात-शेवट कोपऱ्यात येऊ द्यायचा नाही. कोपरा वळून पंधरा-वीस मिमी पुढे जायचं आणि पुढचा बीड त्यावर चढवून सुरू करायचा. शेवटी करंट हळूहळू उतरवून खड्डा भरायचा, कारण ६०६१ मध्ये बीडच्या टोकाच्या खड्ड्यातच तडे जातात. दोन बीडच्या मध्ये जॉब थंड होऊ द्या. ६०६१ साठी दोन पासमधलं तापमान १२० अंशांवर जाऊ नये असा संकेत आहे. मी झाकणाच्या वाढीचा विचार करून हाताला सोसवेल इतपत, साठच्या खाली आणतो. वेळ जातो, पण त्या वेळात दुसरा नग लावता येतो.

इनलेट-आउटलेटची भोकं उघडी ठेवा. बंद पोकळीत शेवटचा तुकडा जोडताना आतली तापलेली हवा बीड फोडून बाहेर येते आणि वेल्डर म्हणतो ‘मटेरियल खराब आहे’. एका भोकातून अगदी हलका आर्गॉन सोडला तर उलट बाजूही स्वच्छ राहते. खाचेत मशिनिंगचं कूलंट राहिलेलं नको. ॲसिटोन, कोरडी हवा, मग वेल्डिंगच्या अगदी आधी स्टेनलेस ब्रश. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन पुष्कळ विरघळतो आणि घट्ट होताना तोच बुडबुडे बनून अडकतो. ओलावा म्हणजे हायड्रोजन. प्लेट थंड ठेवायला वेल्डिंग चालू असतानाच खाचेतून पाणी सोडणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, क्लॅम्प. खाली चाळीस-पन्नास मिमी जाडीचा सपाट बेड. झाकणावर जोडापासून आठ-दहा मिमीवर तांब्याच्या पट्ट्या, त्यावर क्लॅम्प. तांबं दोन कामं करतं, दाबून धरतं आणि उष्णता ओढतं. जाडीच्या दिशेने घट्ट धरा, पण लांबी-रुंदीच्या दिशेने जॉब सरकायला जागा द्या. स्टॉपर एकाच कोपऱ्यात दोन बाजूंना असावेत, समोरासमोर नकोत. नाहीतर तापलेल्या प्लेटला वाढायला जागाच राहत नाही आणि ती मधोमध उचलते. क्लॅम्प सोडायचा तो जॉब पूर्ण गार झाल्यावरच. सोडल्यावर थोडा वाक परत येणारच, कारण क्लॅम्पने ताण नाहीसा होत नाही, तो आत दाबला जातो. तेवढा उलटा वाक आधी देता येतो: मध्याखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा), कोपरे खाली ओढलेले. किती शिम ते हिशेबाने सांगता येत नाही. दोन-तीन नगांवर बघून ठरवावं लागतं, आणि प्लेटची बॅच बदलली की आकडा थोडा हलतो. लॉट असेल तर आणखी सोपी युक्ती म्हणजे दोन नग तळाला तळ लावून, मध्ये जाड ॲल्युमिनियमची प्लेट ठेवून, एकत्र आवळायचे आणि एक बीड याला, एक बीड त्याला असं पलटत जायचं. दोघांची ओढ एकमेकांविरुद्ध जाते.

वेल्डनंतर १७५ अंशांना आठ तास ठेवण्याबद्दल लोक विचारतात. ते ६०६१ चं एजिंग आहे, म्हणजे त्याला ताकद आणणारी उष्णता-प्रक्रिया. त्याने ताण थोडाच कमी होतो. त्याहून गरम केलंत तर टी६ ची ताकद जाते. वेल्डशेजारची ताकद तशीही गेलेलीच असते: मूळ ३१० मेगापास्कलच्या आसपास असलेला धातू तिथे साधारण १६५ वर येतो, जोडापासून २५ मिमीपर्यंत हा परिणाम धरून चाला. मॉड्यूलचे स्क्रू त्या पट्ट्यात घ्यायची वेळ आली तर इन्सर्ट टाका. प्रेसवर दाबून सरळ करायचा मोह मात्र टाळा. संध्याकाळी डायलवर ०.१ दिसतं, पण गाडीत गरम-गार होत राहिल्यावर तो वाक परत येऊ लागतो, आणि दाबताना बीडच्या मुळाशी केसाएवढा तडा गेला असेल तर तो कुणाला दिसलेला नसतो.

म्हणजे टिगवरच राहायचं ठरलं तर क्रम असा येतो: टी६५१ प्लेट, दोन टप्प्यांत मशिनिंग, तळावर १ मिमी राखीव, पायरी आणि घळ असलेला जोड, झाकण ६ मिमी (मग पायरीही ६ आणि तळ १९ मिमीचा), वेगवान चार बीड, पूर्ण गार झाल्यावर क्लॅम्प सोडणं, प्रेशर टेस्ट, आणि त्यानंतर तळाचा शेवटचा कट. ०.१ हे माप त्या शेवटच्या कटमधून येणार आहे. वेल्डिंगने एवढंच करायचं की वाक राखीव १ मिमीच्या आत, शक्यतो निम्म्याच्या आत, ठेवायचा. वेल्डरकडून थेट ०.१ मागत राहिलात तर तुम्हीही वैतागाल आणि तोही.

शेवटच्या कटमध्येही एक गोम आहे. वाकलेला जॉब व्हाइसमध्ये किंवा व्हॅक्यूम चकवर सपाट ओढून कापला तर टेबलावर तो आरशासारखा सपाट येतो आणि सोडला की पुन्हा तितकाच वाकतो. झाकणाची बाजू खाली करा, बाहेरच्या कडेवर तीन जागी टेकवा, बाकी फटींत हाताने सरकेल इतपत शिम भरा, आणि जिथे शिम आहे बरोबर तिथेच हलका क्लॅम्प. पाऊण मिमी काढा, सोडा, पुन्हा टेकवा, उरलेलं धारदार कटरने उथळ पासमध्ये काढा.

झाकण वेल्डच करायला हवं का, हेही विचारून बघा. २५ नगांसाठी मी आधी लांब भोकांची प्लेट सुचवेन. अखंड प्लेटमध्ये लांबीच्या दिशेने १० मिमीची समांतर भोकं, दोन्ही टोकांकडून दोनशे-दोनशे मिमी, मग आडवी जोडभोकं आणि टोकांना थ्रेडचे प्लग. झाकण नाही, वेल्ड नाही, फुगवटा नाही. गोल भोकात उष्णता घेणारा पृष्ठभाग खाचेपेक्षा कमी मिळतो, म्हणून तुमचे वॅट किती यावर हे अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही.

महिन्याला शंभर नग होणार असतील तर फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचा विचार करा. ब्रिटनमध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत १९९१ साली ही पद्धत निघाली आणि आज कूलिंग प्लेट हा तिचा नेहमीचा जॉब आहे. फिरणारं टूल धातू मऊ करून ढवळतं, वितळवत नाही. ६०६१ वितळायला ५८२ अंशांपासून सुरुवात होते, त्याच्या खालीच काम चालतं. त्यामुळे बुडबुडे आणि तडे हे दोन्ही प्रश्न जवळपास जातात आणि वाक टिगपेक्षा पुष्कळ कमी येतो. इथे झाकण अखंड न ठेवता नागमोडी खाचेच्याच आकाराची पट्टी पायरीत बसवतात आणि तिच्या दोन्ही कडा वेल्ड करतात. मग दाबाखाली मोकळा राहतो तो फक्त खाचेच्या रुंदीएवढा भाग, आणि रिब्ज आपोआप जोडल्या जातात. टूलचा खांदा दहा-बारा मिमीचा असतो म्हणून रिब्ज चौदा-पंधरा मिमीच्या तरी ठेवा. टूल बाहेर निघताना भोक सोडतं, त्याची जागा प्लेटच्या कडेला, पाणी नसलेल्या भागात धरा. टूलचा दाब काही किलोन्यूटन असतो. साध्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) करून बघणारे आहेत, पण स्पिंडलच्या बेअरिंगचा खर्च कुणाच्या खात्यात जाणार ते आधी ठरवा.

व्हॅक्यूम ब्रेझिंग हा तिसरा रस्ता: निर्वात भट्टीत मधला भरणधातू वितळवून भाग जोडायचे. अख्खा जॉब एकसारखा तापतो म्हणून एका बाजूची ओढच नसते, आणि सगळ्या रिब्ज एकदम जोडल्या जातात. ६०६१ सुद्धा ब्रेझ करतात, पण ब्रेझिंग ५९० अंशांच्या आसपास होतं, म्हणून भट्टीवर फार घट्ट ताबा लागतो. ३००३ ला ६४३ अंशांपर्यंत काही होत नाही, म्हणून रेडिएटरवाले तोच वापरतात. बाहेर निघणारा जॉब मात्र मऊ असतो, थ्रेडचा भरवसा धरू नका. लॉट मोठा असेल आणि आत बारीक फिन्स हव्या असतील तरच यात पडा.

टेस्टिंगचा क्रम चुकवू नका. आधी पाण्याने, ३ बारच्या दीडपट म्हणजे ४.५ बारला, आणि ते शेवटच्या कटच्या आधी, कारण पहिल्यांदा प्रेशर दिल्यावर जॉब थोडासा हलतो. कट झाल्यावर, मॉड्यूलच्या स्क्रूची भोकं टॅप करून झाल्यावर, पुन्हा हवेने एक-दीड बारला पाण्यात बुडवून. या वेळी बुडबुडे बीडपेक्षा टॅप केलेल्या भोकांतून येताना जास्त दिसतात: फ्लोअर ५ मिमीचा, ड्रिलचं टोक खाचेत निघालं की संपलं. भोकं रिब्जवरच येतील असा खाचेचा मार्ग आखा. तुमचे टप्प्यानिहाय सपाटपणाचे आकडे, एकूण वॅट आणि मॉड्यूलच्या ठशांची मापं टाका, म्हणजे भोकांची प्लेट पुरेल का ते बघता येईल.